वाडा, रात्र आणि साक्ष

पुण्याच्या शनिवारवाड्यात मध्यरात्री "काका, मला वाचवा" अशी हाक ऐकू येते, ही गोष्ट लहानपणी ज्याच्या कानावर आली नाही असा मराठी माणूस विरळा. कोणी ती अमावास्येला ऐकू येते म्हणतो, कोणी पौर्णिमेला. सांगणाऱ्याने ती स्वतः ऐकलेली नसते, ऐकणारा कोणी मामा, कोणी शेजारी, कोणी रात्रपाळीचा पहारेकरी असतो. परंतु हाकेच्या शब्दांत मात्र कधी फरक पडत नाही. अलीकडे या सांगोवांगीच्या जगात एक नवा मनुष्य आला आहे. तो आठवडाभर कोठे तरी नोकरी करतो, आणि सुटीच्या रात्री पाठपिशवीत विजेरी, ध्वनिमुद्रक, उष्णतामापक आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारे एक चिमुकले यंत्र घालून पडक्या वाड्याच्या, किल्ल्याच्या किंवा ओस पडलेल्या बंगल्याच्या दिंडीशी उभा राहतो. तो मांत्रिक नाही, दक्षिणा घेत नाही, अंगारा देत नाही. आपण तपास करतो, असे तो म्हणतो. तपास हा आपल्या भाषेत जबाबदारीचा शब्द आहे. ज्याने तो तोंडी घेतला त्याच्याकडे साक्षीपुरावा मागण्याचा अधिकार इतरांना आपोआप प्राप्त होतो. हा तपास आजवर कोणत्या वाटेने गेला, कोठे अडला आणि कोठे फसला, हे एकदा सविस्तर पाहावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

या हौशी मंडळींची वंशावळ इंग्लंडात सापडते. तेथे १८६२ साली लंडनमध्ये 'घोस्ट क्लब' निघाला आणि १८८२ साली केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांच्या अध्यक्षतेखाली 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' ही संस्था स्थापन झाली. परंतु त्याच्याही आधी, १८५३ साली, मायकेल फॅरडे यांनी या सर्व खटाटोपाला एक वस्तुपाठ घालून दिला होता. त्या काळी चारसहा माणसांनी टेबलावर हात ठेवून बसायचे आणि मृतात्म्यांच्या प्रेरणेने टेबल हलू लागायचे, असे प्रयोग घरोघर चालत. फॅरडे यांनी कोणाला खोटे ठरवले नाही, कोणाची थट्टा केली नाही. त्यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये सहज सरकणारे थर आणि एक दर्शक काटा बसवला, आणि टेबल हातांना नेत नसून बसणाऱ्यांचे हातच, त्यांच्या नकळत, टेबलाला रेटीत आहेत हे त्या काट्याने दाखवून दिले. ज्याला काटा दिसत होता त्याच्या हातून टेबल हलेनासे झाले. प्रामाणिक मनुष्यसुद्धा स्वतःच्या हातचे कर्म परक्याच्या नावावर जमा करतो, आणि त्याची फसवणूक त्याला दाखवून दिली तर ती बहुधा थांबते, हे या प्रयोगातून दिसले. मी पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे या एका काट्याभोवती फिरणारे आहे.

हौशी तपासाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत उद्बोधक प्रकरण म्हणजे एसेक्स परगण्यातील बोर्ली गावच्या धर्मोपदेशकाचे निवासस्थान. १८६२-६३च्या सुमारास बांधलेल्या या विटांच्या अवाढव्य घराविषयी, भिंतीत चिणलेली एक जोगीण तेथे फिरते, अशी वदंता होती. १९२९ साली एका वृत्तपत्राने ती उचलली, आणि त्या निमित्ताने हॅरी प्राइस हे गृहस्थ तेथे आले. प्राइस यांच्या अंगी चिकाटी, संघटनेची हातोटी आणि प्रसिद्धीची विलक्षण हौस या तिन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात होत्या. मे १९३७ मध्ये त्यांनी ते ओस घर वर्षभरासाठी भाड्याने घेतले आणि लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन धीट, चिकित्सक आणि निःपक्षपाती निरीक्षक मागवले. अठ्ठेचाळीस जण आले. त्या प्रत्येकाच्या हाती प्राइस यांनी सूचनांची एक छापील पुस्तिका दिली: पहाऱ्याला बसण्यापूर्वी घर कानाकोपऱ्यापर्यंत धुंडाळावे, दारे-खिडक्या लावून जरूर तर मोहोरबंद कराव्या, प्रत्येक गोष्टीची वेळ टिपावी. येथवर सर्व यथायोग्य होते, आणि आजच्या मंडळींची जी काही शिस्त आहे ती बहुतांशी याच पुस्तिकेची संतती आहे. तथापि त्याच पुस्तिकेत, कोणकोणते प्रकार अनुभवास येणे संभवते, याचीही यादी होती: घंटा वाजणे, वस्तू हलणे, पावले, ठोके, सुगंध, उजेड, थंडी. साक्षीदाराला जबानीपूर्वीच जबानीचा मसुदा वाचायला द्यावा तसा हा प्रकार झाला. आमच्या जुन्या न्यायाधीशांनी अशी साक्ष दफ्तरात घेतली नसती.

पुढे २७ फेब्रुवारी १९३९ रोजी ते घर आगीत भस्मसात झाले. १९४० साली प्राइस यांचे पुस्तक निघाले आणि इंग्लंडातील सर्वांत झपाटलेले घर हा लौकिक कायम झाला. ते १९४८ साली वारले, आणि १९५६ साली सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चच्याच डिंगवॉल, गोल्डनी व हॉल या तिघा अभ्यासकांनी सबंध प्रकरणाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. उंदीर, घराची विचित्र ध्वनिरचना, सूचनेचा मनावर होणारा परिणाम आणि काही ठिकाणी चक्क माणसांचे हस्तकौशल्य, ज्यात खुद्द प्राइस यांच्यावरही संशय घेण्यात आला, यांच्या पलीकडे फारसे काही उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जोगिणीच्या कथेला लागणारा मठ त्या जागी होता याला ऐतिहासिक आधार नाही, हे तर आधीच दिसून आले होते. या फेरतपासणीवरही पुढे टीका झाली, पण तिच्यामुळे एक मौल्यवान प्रघात पडला: हौशी तपासाचा तपास त्याच परंपरेतील माणसांनी केला.

येथे एक गोष्ट सांगतो. शनिवारवाड्याला जी मोठी आग लागली आणि जी सात दिवस धुमसत होती, तीही २७ फेब्रुवारीचीच, सन १८२८ची. हे प्रथम लक्षात आले तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला, हे मी लपवणार नाही. झपाटलेली दोन घरे, दोन खंड आणि एकच तारीख! मग शांतपणे विचार केला, तेव्हा जुन्या वास्तू आगीत जाणे किती सामान्य आहे, आणि जुळणाऱ्या तारखा आपण मनात जपून ठेवतो, न जुळणाऱ्या हजारो विसरतो, हे ध्यानी आले. मात्र तो पहिला काटा खरा होता. या विषयात काम करणाऱ्याने तो नाकारू नये. वहीत त्याची नोंद करावी आणि त्याच्यापुढे एक कोरी ओळ ठेवावी.

आता यंत्रांकडे वळू. या मंडळींच्या पेटीतील प्रत्येक वस्तू मुळात दुसऱ्याच कोणत्या तरी कामासाठी जन्माला आलेली असते. ज्याला ते 'के-टू' म्हणतात ते पाच दिव्यांचे यंत्र घरातील तारांच्या व उपकरणांच्या आसपासचे विद्युत्चुंबकीय क्षेत्र पाहण्यासाठी आहे. मोबाइल जवळ असला की त्याचे दिवे पेटतात. अवरक्त उष्णतामापक हवेचे नव्हे, समोरच्या पृष्ठभागाचे तापमान सांगतो, म्हणून खोलीतून फिरवला की दगडी भिंत आली, आकडा उतरतो, आणि 'कोल्ड स्पॉट' सापडतो. फ्लॅशने घेतलेल्या छायाचित्रातील तरंगते गोळे, ज्यांना 'ऑर्ब' म्हणतात, ते भिंगाजवळची धूळ व दवबिंदू असतात, आणि पडक्या वाड्यात धुळीला तोटा नाही. 'स्पिरिट बॉक्स' हा रेडिओची केंद्रे झपाझप बदलणारा संच. त्यातून तुटक शब्द येणारच. 'ईव्हीपी' म्हणजे ध्वनिमुद्रणातील निनावी आवाज, हा प्रकार फ्रेडरिक युर्गेन्सन आणि त्यांच्यानंतर लॅटव्हियाचे कॉन्स्टन्टिन राऊडिव्ह यांनी रूढ केला. राऊडिव्ह यांना एकाच वाक्यात तीनचार भाषांचे शब्द ऐकू येत, आणि ते स्वतः त्या भाषा जाणत होते, ही गोष्ट विचारी मनुष्याला पुरेशी बोलकी वाटेल. साधा ध्वनिमुद्रक शांततेत स्वतःची ग्रहणशक्ती आपोआप वाढवतो. मग त्या खरखरीतून कान अर्थ काढू लागतो. ढगात हत्ती दिसतो, तसेच हे कानाचे आहे. एरवी आपल्याला उपयोगी पडणारी ही शक्ती अंधारात बेलगाम होते, एवढेच.

मला अशा एका रात्रीचा अनुभव आहे. घाटमाथ्याजवळच्या एका गावात एक चौसोपी वाडा आहे. मालक शहरात, राखणीला एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारा गाव तात्या म्हणे. पाच तरुणांची एक तुकडी मालकांची रीतसर परवानगी घेऊन तेथे रात्र काढणार होती आणि ओळखीने मीही गेलो. त्यांनी आल्याबरोबर प्रत्येक खोलीचे 'बेसलाइन रीडिंग' घेतले, माजघर, देवघर, तळघराची पायरी, माडीचा जिना अशी जागांची यादी केली, आणि चौघे निरनिराळ्या ठिकाणी बसले. पाचवी मुलगी ओसरीवर वही घेऊन बसली. दर पंधरा मिनिटांनी ती वेळ लिही आणि पुढे जे असेल ते लिही. बहुतेक ओळींत 'काही नाही' एवढेच होते. दोन वाजून दहा मिनिटांनी माडीवरून, अगदी कोणी आजारी माणूस दम घेत असावा असा, लांब, घासल्यासारखा श्वास ऐकू आला. तो थांबला, पुन्हा आला. जिन्याखालचा धिप्पाड मुलगा उठून भिंतीला टेकला, दुसऱ्याने कापऱ्या आवाजात, "कोण आहे? आम्ही तुम्हाला त्रास द्यायला आलो नाही," असे विचारले, आणि त्याच क्षणी त्याच्या हातातल्या यंत्राचे चार दिवे पेटले. मीही घाबरलो होतो. तेवढ्यात आतल्या सोप्यातून तात्या कंदील घेऊन आले, क्षणभर कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घाबरू नका पोरांनो, गव्हाणी आहे ती. माळ्यावर पिल्लं काढलीत तिनं." गव्हाणी घुबडाची पिल्ले भूक लागली की असाच घोरल्यासारखा आवाज करतात. दिवे पेटण्याचे कारणही कळले: त्या गावात नेटवर्क क्षीण, आणि मुलाच्या खिशातला मोबाइल ते शोधत होता, मोबाइल दूर अंगणात ठेवला तेव्हा दिवे पुन्हा पेटले नाहीत. त्या मुलीने सर्व लिहून घेतले. पुढे महिनाभराने त्या तुकडीने आपला अहवाल लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्यात रात्रभराच्या ध्वनिमुद्रणातील सुमारे बारा सेकंद होते: तो श्वास आणि तो प्रश्न. सोबत ते दिवे पेटल्याचा उल्लेख होता. तात्या नव्हते, पिल्ले नव्हती. मला त्याचे फार वाईट वाटले, कारण ती मुले लबाड नव्हती. चार भिंतींत त्यांनी सत्य पाहिले होते आणि वेशीबाहेर येताना ते तेथेच ठेवून आली होती. १९३७ सालच्या त्या पुस्तिकेपासून या विषयाला जो रोग जडला आहे तो हाच: घडलेली घटिका जपली जाते, न घडलेली रात्र टाकून दिली जाते. 'काही नाही' या ओळींशिवाय 'काही तरी' या ओळीला किंमत नाही.

मग लोकांना जे वाटते ते केवळ खोटे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण अनुभव खरा आणि कारण निराळे अशी उदाहरणे पुष्कळ नोंदली गेली आहेत. १९२१ साली विल्यम विल्मर या नेत्रतज्ज्ञाने एका अमेरिकन कुटुंबाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली: नव्या घरात राहायला गेल्यापासून पावले ऐकू येत, रात्री कोणी तरी अंथरुणाशी उभे असल्याचे दिसे, मुले फिकट पडली होती, झाडे मरू लागली होती, तपासात भट्टी नादुरुस्त होऊन कार्बन मोनॉक्साइड घरात शिरत असल्याचे निघाले. तेथे भुताची गोष्ट ऐकून कोणी केवळ हसला असता तर एका कुटुंबाचे प्राण गेले असते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात व्हिक टँडी या ब्रिटिश अभियंत्याने आपल्याच प्रयोगशाळेतील भीती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसणारी करडी आकृती यांचा माग एका नव्या पंख्यापर्यंत नेला. शेगड्यात धरलेले तलवारीचे पाते आपोआप थरथरताना दिसले, त्यावरून सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी त्या खोलीत उभा आहे हे त्यांनी ओळखले. हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात, १५४२ साली शिरच्छेद झालेली राणी कॅथरिन हॉवर्ड ज्या गॅलरीत अजून किंचाळत धावते असे म्हणतात तेथे, आणि एडिनबरोच्या पुलाखालच्या तळघरांत रिचर्ड वाइजमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो पाहुण्यांची टिपणे गोळा केली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. विचित्र अनुभव ठरावीक जागीच दाटून येतात आणि उजेड, जागेचे आकारमान अशा गोष्टींशी त्यांचा संबंध दिसतो, असे त्यांना आढळले. वास्तू माणसाशी बोलते, हे यावरून खरेच. फक्त ती दगड, लाकूड, वारा आणि अंधार यांच्या भाषेत बोलते.

परंतु ज्यांना ही उत्तरे प्रिय आहेत त्यांनीही सावध असावे. २००९ साली ख्रिस्तोफर फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये मुद्दाम एक 'झपाटलेली खोली' तयार केली, ७९ जणांना एकेकटे तीत पन्नास मिनिटे ठेवले, काहींच्या वेळी अतिमंद्र ध्वनी किंवा चुंबकीय क्षेत्रे चालू ठेवली, काहींच्या वेळी नाही. बऱ्याच जणांना चमत्कारिक वाटले, पण यंत्र चालू होते की बंद याचा त्या वाटण्याशी संबंध आढळला नाही. सांगून ठेवलेल्या अपेक्षेचाच परिणाम अधिक संभवनीय दिसला. म्हणजे 'सगळे त्या ध्वनीमुळे' असे सरसकट बोलणारा विज्ञानप्रेमी आणि 'सगळे आत्म्यामुळे' म्हणणारा भाविक, दोघेही खातरजमेआधीच निकाल देऊन मोकळे होतात.

आपल्या देशात हा छंद दूरचित्रवाणीच्या वाटेने आला आणि २००९ साली दिल्लीत 'इंडियन पॅरानॉर्मल सोसायटी' निघाल्यापासून त्याला संघटित रूप आले. या मंडळींचे तीर्थक्षेत्र म्हणजे राजस्थानातील अलवर जिल्ह्याचे भानगड. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी तेथे जाण्यास पुरातत्त्व खात्याने फलक लावून मनाई केली आहे, आणि 'सरकारसुद्धा भूत मानते' असा त्याचा अर्थ गावोगाव सांगितला जातो. त्या फलकावर भुताचा उल्लेख नाही. संरक्षित स्मारके दिवस मावळल्यावर बंद करण्याचा सर्वसाधारण नियम आहे, आणि भानगडच्या लगत सरिस्क्याचे व्याघ्रक्षेत्र आहे. १९५८च्या स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रात्री कुंपण ओलांडून आत शिरणारा, खोबणीत मेणबत्त्या चिकटवणारा आणि चुन्याच्या गिलाव्याला खिळा मारून कॅमेरा टांगणारा मनुष्य ज्या वास्तूचे रहस्य शोधायला गेला तिचाच अपराधी होतो, हे त्याने ओळखले पाहिजे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक, फार गंभीर, बाजू आहे. येथे भूत हा सुटीच्या रात्रीचा विषय नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बायकामुलांना मारहाण होत आली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, तिच्यामार्फत वर्षानुवर्षे अशा प्रकारांविरुद्ध कायद्याची मागणी केली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी तो कायदा झाला. म्हणून एखाद्या गावातला वाडा 'ॲक्टिव्ह' असल्याचे हसतखेळत जाहीर करणाऱ्याने, त्या वाड्याच्या सावलीत राहणाऱ्या विधवेवर उद्या काय बोट रोखले जाईल, याचा विचार केलाच पाहिजे.

शिवाय आमच्या पूर्वजांच्या भुतांना काही एक चारित्र्य होते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी, १९०९ साली त्यांचा वध होण्यापूर्वी, गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची टिपणे जमवली होती. एन्थोवेन यांनी ती पुढे छापली. त्यांत कोकणची भुते ओळीने भेटतात. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी गेलेला तो मुंजा, बाळंतपणात गेलेली ती हडळ, ज्याची मालमत्तेवर वासना राहिली आणि ज्याचे उत्तरकार्य झाले नाही तो समंध. यातील प्रत्येक भूत ही कोणाच्या तरी अपुऱ्या राहिलेल्या हक्काची किंवा न फेडलेल्या देण्याची कैफियत आहे. मी या भुतांवर विश्वास ठेवत नाही, पण त्यांच्यामुळे गाव मेलेल्याचे नाव-गाव आणि त्याच्यावर झालेला अन्याय विसरत नसे, हे मला मान्य करावे लागते. आजच्या तपासणीत या सर्वांच्या जागी 'एनर्जी' हा एकच शब्द आला आहे. तिला ना कूळ, ना काळ, ना तक्रार.

शनिवारवाड्यापाशी पुन्हा येतो, कारण माझ्या मते तेथे करण्याजोगा तपास अजून शिल्लक आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. तो मध्यरात्री झाला नाही, अमावास्येला तर नाहीच: भाद्रपदाचा शुद्ध पक्ष होता, गणेशोत्सवाचे दिवस होते, आणि गारदी दिवसाढवळ्या, दुपारी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा मुलगा चुलत्याच्या, राघोबादादांच्या, कमरेला मिठी मारून राहिला, आणि चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने आपल्या अंगाने धन्याला झाकले. त्याचीही खांडोळी झाली. ज्या दालनांत हे घडले ती लाकडी दालने १८२८च्या आगीत गेली. आज जोती, तट आणि दरवाजे आहेत. म्हणजे रात्रीची लोककथा घटनेशी ना तिथीने जुळते, ना प्रहराने, ना जागेने. आणि चापाजीची हाक तर तीत कोणालाच ऐकू येत नाही. तपास करायचा तर त्या हाकेचा पहिला लेखी उल्लेख कोणत्या दशकातला, कोणाच्या हातचा, येथून आरंभ केला पाहिजे, आणि ती वाट तटाच्या बुरुजाकडे नव्हे, दफ्तरखान्याकडे जाते. या खुनाचा तपास एकदा झालेलाही आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी तो केला तेव्हा गारदी पुण्यात होते आणि सत्ता आरोपीच्याच हाती होती. त्यांनी जबान्या घेतल्या, राघोबादादांना दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. त्या तपासाला काळोखाची गरज पडली नाही.

तरीही त्या चौसोपी वाड्यातील रात्र व्यर्थ गेली असे मी म्हणत नाही. त्या मुलीची वही मी नंतर मागून घेऊन पाहिली. दोन वाजून दहाची नोंद आहे, अडीचला 'घुबडाची पिल्ले, माळा, पूर्वेकडचा कोपरा' असे आहे, मग पुन्हा 'काही नाही' च्या ओळी. शेवटची नोंद पाच वाजून चाळीस मिनिटांची: 'उजाडले. माडीची दक्षिण भिंत आतून ओली. देवघरावरची तुळई टोकाशी पोकळ वाजते, वाळवीची माती पडली आहे. मालकांना आजच कळवावे.' तिने त्या दिवशी कळवले, आणि मृगापूर्वी ती तुळई बदलली गेली.